होडीच्या यंत्राचा कंस व त्याचा रंग : एक ऐतिहासिक टिपण

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आजवर समाजातील कर्त्या स्त्रीपुरुषांची चरित्रे, देवस्थानांचे इतिहास, जुन्या गलबतांच्या सफरी आणि गुणवंत विद्यार्थ्यांच्या याद्या यांस मानाचे पान मिळत आले आहे. यंदा आम्ही ज्या वस्तूविषयी लिहावयास बसलो आहोत, तिला इतिहास असतो हेच पुष्कळांस खरे वाटणार नाही. होडीच्या मागल्या अंगास यंत्र टांगण्यासाठी जो धातूचा कंस बसविलेला असतो, ज्यास आपले खलाशी नुसते 'ब्रॅकेट' म्हणतात, त्याच्या रंगाची ही हकीकत आहे. हातभर लांबीच्या त्या वस्तूस दरसाल खरवडून पुन्हा रंगविण्याचे काम बहुधा घरातील सर्वांत धाकट्या मुलाकडे सोपविले जाते. ते काम धाकट्याकडे सोपविण्याजोगे नाही, असे आमचे मत आहे. आणि ते का, हे सांगण्यासाठी आम्हांस थोडे मागे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे मागे जावे लागणार आहे. वाचकांनी तेवढी सबूर धरावी.

प्रथम त्या कंसाचे काम काय ते पाहू. परदेशी नौकांची पाठ सपाट फळीची असते. यंत्राचा चिमटा त्या फळीवर आवळला की काम भागते. आपल्याकडील जुन्या घडणीच्या होड्या मात्र बहुधा दोन्ही टोकांस निमुळत्या. त्यामुळे यंत्र टांगावयाचे तर बाजूस अथवा मागे एक वेगळा आधार करावा लागतो. हा आधार बहुतेक ठिकाणी गावच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्ट्यांचा घडवून घेतात. आणि यंत्राबरोबर येणारा त्याचा स्वतःचा चिमटा व बिजागर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. एकावर एक असे हे दोन कंस, दोन धातूंचे. आठ-दहा अश्वशक्तीच्या यंत्राचे वजन चाळीस किलोंच्या आसपास भरते. ते वजन तर कंसावर असतेच, पण पंखा पाण्यास जो रेटा देतो तो सगळा रेटाही याच कंसातून होडीस पोहोचतो. होडी चालते ती यंत्राने नव्हे, कंसाने, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

आणि या कंसाची जागा तरी कोणती? धड पाण्यात नाही, धड हवेत नाही. लाट येते, भिजवून जाते; ऊन पडते, पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. पाण्यात सदैव बुडालेल्या धातूस प्राणवायू कमी मिळतो. हवेतल्या धातूस पाणी कमी मिळते. शिंतोड्यांच्या पट्ट्यात दोन्ही मुबलक. म्हणूनच बंदरांच्या लोखंडी खांबांचा झीज पावलेला कमरपट्टा नेहमी भरती-ओहोटीच्या रेषेच्या वरच्या बाजूस दिसतो. आपला कंस आयुष्यभर त्या पट्ट्यात राहतो.

समुद्र आणि लोखंड यांचे वैर आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस' नामक सागरी मार्गदर्शिकेत ओमानकडील शिवलेल्या नावांचा उल्लेख आहे. तेराव्या शतकात मार्को पोलो होर्मुझ बंदरात आला तेव्हा त्याने नारळाच्या काथ्याने शिवलेली गलबते पाहिली, आणि त्यांस माशाचे तेल चोपडतात हेही नोंदवून ठेवले. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या संस्कृत ग्रंथात तर सागरी नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, दोरांनी बांधाव्यात, कारण समुद्रातील लोहचुंबकाचे खडक त्या नौकेस ओढून घेतील, असे सांगितले आहे. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय नौकानयनाच्या इतिहासात या ग्रंथाची ओळख इंग्रजी वाचकांस करून दिली. चुंबकाचे खडक कोणी पाहिलेले नाहीत. परंतु खिळा घालून बांधलेली नाव काही वर्षांनी खिळ्याच्या भोकांशीच गळू लागते, हा अनुभव त्या विधानामागे असावा, असा आमचा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो येथे मांडतो.

खिळे पुढे आलेच. पोर्तुगीज आणि त्यांच्यामागून इतर युरोपीय आले, तोफा आल्या, तोफांच्या धक्क्यास काथ्याची शिवण पुरेशी नव्हती. येथे आपल्या किनाऱ्यास एका गोष्टीने हात दिला, ती म्हणजे सागवान. युरोपातील ओक लाकडात जे आम्ल असते ते लोखंडी खिळ्यास खाते. सागाच्या अंगचे तेल उलट खिळ्याचे रक्षण करते. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले, १७५० साली मुंबईत कोरडी गोदी झाली, आणि त्यांच्या घराण्याने बांधलेली सागवानी जहाजे इंग्रजांच्या आरमारात दाखल झाली. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. दोनशे वर्षांहून अधिक! या कामात वाडियांचे नाव झाले ते योग्यच. पण त्यांच्या हाताखाली सांधे भरणारे, तेल लावणारे, तळ खरवडणारे जे शेकडो हात होते, त्यांची नावे कोणत्याही दप्तरात सापडत नाहीत.

तळ खरवडणे हे काम त्याही आधीपासून चालत आले आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीकाठी गिर्ये येथे खडकात खोदलेली मराठा आरमाराची जुनी गोदी आहे. भरतीला नाव आत घ्यावयाची, ओहोटीला ती कोरडी पडली की तळावरील कवचे व शेवाळ काढावयाचे, तेलाचा हात द्यावयाचा आणि पुन्हा भरतीची वाट पाहावयाची. मुशीच्या यकृताचे तेल, राळ, चंद्रस, चुना, आणि पुढे काजूच्या टरफलाचे तेल, ही आपली जुनी सामग्री. लाकडास ती उत्तम. त्या वासाने ज्यांचे बालपण भरले आहे त्यांस निराळे वर्णन नको.

लाकडास तेल, तसा लोखंडास शेंदूर. नांगर, साखळी, सुकाण्याचे बिजागर, कड्या, जे जे लोखंडी ते ते तांबडे. गावच्या वेशीवरील देवास तेलात कालवून जो शेंदूर चढवितात, तोच रसायनशास्त्राच्या भाषेत शिशाचा एक प्राणिद, म्हणजे शिसे हवेत तापवून तयार केलेली तांबडी पूड होय. (आज बाजारात शेंदूर म्हणून जे जे मिळते ते सर्व शिशाचेच असते असे मात्र नाही.) ही पूड जवसाच्या कढविलेल्या तेलात, ज्यास रंगारी बेलतेल म्हणतात, त्यात खलली म्हणजे शिसे व तेल यांचा मिळून एक प्रकारचा साबण होतो, आणि तो लोखंडाच्या पृष्ठभागास असा चिकटतो की गंजाची क्रिया थंडावते. या रंगाचा मोठा गुण हा की तो लोखंडाच्या सफाईविषयी फारसा चोखंदळ नाही. तारेच्या ब्रशाने सुटा गंज काढला, थोडा तांबेरा राहिला, तरी तो धरतो. जगभरच्या पुलांनी, जहाजांनी, रेल्वेच्या खांबांनी या एका गुणासाठी शेकडो वर्षे तांबडे अस्तर घेतले. आपल्या तांडेलांनी जे केले ते अडाणीपणाने केले नाही. त्या काळी त्याहून उत्तम दुसरे काही उपलब्ध नव्हते.

मग बिघडले कोठे? ते समजण्यासाठी दोन इंग्रजी जहाजांची हकीकत सांगणे अवश्य आहे. हा भाग आम्ही किंचित विस्ताराने सांगतो, कारण आपल्या कंसाचे सारे मर्म त्यात आहे.

उष्ण समुद्रातील किडा लाकडी तळ पोखरतो, म्हणून इंग्रजांच्या नौदलाने १७६१ साली 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकले आणि ते वेस्ट इंडीजला धाडले. जहाज परत आल्यावर १७६३ साली तपासणी झाली. किड्याने लाकडास स्पर्श केला नव्हता; पत्र्यावर शेवाळ नव्हते. सर्वांस आनंद झाला. पण पत्रे ज्या लोखंडी खिळ्यांवर बसले होते ते खिळे पाहावे तो गंजाचा नुसता चिखल! मौज अशी की काही खिळे जसेच्या तसे शाबूत सापडले. शोध घेता कळले की कारखान्यातून तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काही ठिकाणी काढावयाचा राहून गेला होता. जेथे तांबे व लोखंड यांच्यामध्ये कागद होता तेथे लोखंड वाचले. जेथे दोन धातू एकमेकांस भिडले होते तेथे लोखंड नष्ट झाले. कोणा आळशी कामगाराच्या हातून राहिलेल्या कागदाने विज्ञानास एक धडा दिला. पुढे १७८३ च्या सुमारास पत्र्याखालचे बोल्टही तांब्याच्या मिश्रधातूचे घालण्याचे ठरले.

कारण तेव्हा कळले नव्हते. विद्युतघट अजून जन्मास यावयाचा होता. खारे पाणी हे विजेचे वाहक आहे. त्यात दोन भिन्न धातू एकमेकांस स्पर्श करून राहिले की त्यांचा एक घट तयार होतो, आणि त्यांतील हलका, म्हणजे अधिक क्रियाशील धातू विरघळू लागतो. तांबे व लोखंड यांत लोखंड जाते. लोखंड व जस्त यांत जस्त जाते. हे ध्यानी घेऊन सर हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे अशी युक्ती मांडली की, तांब्याचे पत्रे विरघळू नयेत असे वाटत असेल तर त्यांस लोखंडाचा अथवा जस्ताचा एक तुकडा जोडावा. तो तुकडा झिजेल, तांबे वाचेल. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या चाळीसाव्या ते दीडशेव्या हिश्शाइतका तुकडाही पुरतो, असे त्यांनी दाखविले. 'समारंग' नावाच्या जहाजावर प्रयोग झाला. तांबे खरोखरच वाचले. परंतु तांबे विरघळत होते म्हणूनच तळास शेवाळ व कवचे धरत नव्हती. ते विरघळणे थांबताच तळावर सागरी बाग फुलली, जहाजाचा वेग गेला, आणि नौदलाने ती युक्ती काढून टाकली. शास्त्रीयदृष्ट्या यशस्वी आणि व्यवहारात फसलेला असा दुसरा प्रयोग आम्हांस सहसा आठवत नाही.

डेव्हींचा तो तुकडा मात्र हरवला नाही. आपल्या यंत्राच्या कंसाच्या खालच्या कडेस राखी रंगाचा, ओबडधोबड, बोटभर जाडीचा एक ठोकळा बोल्टाने बसविलेला असतो, तो पाहावा. तोच हा जस्ताचा तुकडा. कंसाऐवजी आपण झिजावे एवढ्याचसाठी तो तेथे आहे. आपल्या बंदरांत वर्षाच्या रंगकामात या ठोकळ्यासही कंसाबरोबर झकास रंग फासलेला आम्ही वारंवार पाहतो. रंग लागला की पाण्याचा व त्याचा संबंध तुटला; मग तो झिजत नाही, दिसावयास नवा राहतो, आणि त्याच्या वाटचे झिजणे कंस भोगतो. दोन वर्षांचा ठोकळा कोरा करकरीत असेल तर आनंद मानण्याचे कारण नाही. तो निम्मा झिजला म्हणजे बदलावयाचा आणि रंगाच्या वेळी त्यावर कागद चिकटवावयाचा, एवढे पुरे.

आता यंत्राकडे वळू. पाण्यात नावेच्या बाहेरून टांगावयाच्या यंत्राची कल्पना गुस्ताव्ह त्रुव्हे या फ्रेंच गृहस्थाने १८८१ साली पॅरिसच्या सेन नदीत विजेवर चालवून दाखविली. पेट्रोलची यंत्रे अमेरिकेत आली; १९०५ च्या सुमारास कॅमेरॉन वॉटरमन याने आणि १९०९ पासून ओले एव्हिनरूड याने ती विक्रीस आणली. हा एव्हिनरूड १८७७ साली नॉर्वेत जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेत गेलेला. तळ्यापलीकडून आइसक्रीम आणावयास नाव वल्हवीत गेला, परत येईतो ते वितळले, आणि त्या रागातून यंत्र जन्मले, अशी आख्यायिका त्याच्याविषयी सांगतात. खरी असो वा नसो, गोड आहे. आरंभीची यंत्रे जड होती. १९२१ साली त्याने नवे यंत्र बाजारात आणले त्यात अॅल्युमिनियमचा सढळ उपयोग केला, आणि एका माणसास उचलता येईल असे यंत्र झाले.

आपल्या देशात मासेमारीत यंत्र आले ते मुख्यतः स्वातंत्र्यानंतर, आणि प्रथम आले ते नावेच्या पोटात बसविलेले. नॉर्वेच्या साहाय्याने १९५३ साली केरळातील नींडकरा येथे जो प्रकल्प सुरू झाला, त्यात तेथल्या जुन्या नावांस यंत्रे बसविण्याचा विचार मागे पडून नव्या घडणीच्या नौका बांधल्या गेल्या. महाराष्ट्रातही मोठ्या मचव्यांनी पोटातले डिझेल यंत्र स्वीकारले. बाहेर टांगावयाची यंत्रे केरळच्या किनाऱ्यावर १९८० नंतरच्या दशकात झपाट्याने पसरली. आपल्या खाड्यांतील लहान होड्यांवरही ती दिसू लागली. वल्हे मारणाऱ्या हातांस विश्रांती मिळाली. मात्र यंत्राबरोबर जो नवा धातू घरात आला त्याचा स्वभाव कोणी समजावून दिला नाही.

अॅल्युमिनियम ही वस्तू मानवास फार उशिरा गवसली. ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने ती १८२५ साली वेगळी केली आणि १८८६ साली हॉल व हेरू यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या विजेच्या रीतीने ती स्वस्त झाली. तिला कोणतीही परंपरा नाही, म्हणून तिच्याविषयी आजोबांची शिकवण नाही. ती हवेत आली की क्षणार्धात स्वतःभोवती एक पातळ, पारदर्शक, कणखर कवच निर्माण करते. हे कवच तिचे रक्षण करते खरे, पण रंगास मात्र पाय रोवू देत नाही. आणि मुख्य म्हणजे क्रियाशीलतेत ती लोखंडाहून वरची आहे. तांब्याशी, शिशाशी, लोखंडाशी जिच्याशी म्हणून तिची गाठ खाऱ्या पाण्यात पडेल, तिच्याशी झुंजताना तीच हरते.

येथे आम्ही वाचकांस कळकळीने सांगतो की, अॅल्युमिनियमच्या कंसास शेंदराचे अस्तर देऊ नये. जो शेंदूर लोखंडाचा रक्षक, तो या धातूचा भक्षक आहे. शेंदरातील शिसे अॅल्युमिनियमवर साठते आणि ठिपक्याठिपक्यांनी त्यास खाऊ लागते. वरून तांबडा, देखणा रंग. आत सुईच्या टोकाएवढी भोके. बाहेर पांढरी पूड डोकावू लागते तेव्हा काम बरेच पुढे गेलेले असते. तीच गोष्ट तळास लावावयाच्या तांबेयुक्त रंगाची. लाकडी तळास तो योग्य. परंतु डब्यात उरला म्हणून कंसास फासला तर 'अलार्म' जहाजाचे खिळे आठवावेत. ज्यांचा कंस जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा आहे, त्यांचा प्रश्न तिसराच. ही मुलाम्याची रीत फ्रान्समध्ये सोरेल याने १८३७ साली पेटंट घेऊन रूढ केली. तिच्यावर तेलाचा रंग थेट लावला तर जस्त व तेल यांचा साबण होतो, आणि शेंदराच्या साबणाप्रमाणे तो चिकटत नाही. वर्षभरात रंग पोपड्यांनी सुटून येतो. एकच तेल, एका धातूवर मित्र आणि दुसऱ्यावर शत्रू. पूर्वी होडीवर धातू एकच होता म्हणून नियमही एक होता. आता धातू तीन आहेत.

अॅल्युमिनियमसाठी विसाव्या शतकात जे अस्तर निघाले ते पिवळसर हिरव्या रंगाचे, जस्त व क्रोमियम यांच्या संयुगाचे. दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या अंतर्भागास हाच रंग दिलेला असे. गुणास तो उत्तम. परंतु त्यातील क्रोमियम कर्करोगास कारण होते असे सिद्ध झाल्यामुळे त्याचा वापर आवरत आणला गेला. त्याची जागा दोन डब्यांचा इपॉक्सी रंग घेऊ लागला. हे राळेसारखे द्रव्य १९४० च्या दशकात बाजारात आले. एका डब्यात राळ, दुसऱ्यात ती घट्ट करणारे द्रव्य. दोन्ही सांगितलेल्या प्रमाणात मिसळली की ठराविक वेळात लावून संपवावयाचे. प्रमाण अंदाजाने धरणाऱ्याचा रंग एक तर वाळत नाही, नाही तर भांड्यातच दगड होतो. शिवाय ऊन त्यास मानवत नाही, वर्षभरात तो खडूसारखा उगाळू लागतो. म्हणून वरून पॉलियुरेथेनचा अथवा तत्सम एक हात द्यावा लागतो.

प्रत्यक्ष कामाविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे. ब्रश हाती धरण्यापूर्वी कंस गोड्या पाण्याने धुवावा, आणि एकदा नव्हे तर दोन-तीन वेळा धुवावा. धातूवर मीठ राहून गेले तर रंगाखाली ते हवेतील ओल ओढून घेते आणि फोड येतात. मग दोष रंगाच्या कंपनीस दिला जातो. मीठ पूर्ण गेल्यावरच पॉलिश पेपरने घासावयास घ्यावे. आधी घासले तर मीठ धातूतच रगडले जाते. अॅल्युमिनियम उघडे झाल्यापासून अस्तराचा पहिला हात त्याच दिवशी, होता होईल तो काही तासांतच पडला पाहिजे, नाही तर ते पूर्वोक्त कवच पुन्हा जाड होते. अॅल्युमिनियमवर लोखंडी तारेचा ब्रश चालवू नये. तारेचे कण धातूत रुततात आणि प्रत्येक कण एक घट होतो. बोल्ट काढून रंगवावे, भोकांच्या आत अस्तर पोहोचवावे, आणि स्टेनलेस स्टीलच्या बोल्टाखाली नायलॉनची चकती घालावी. चकती मिळाली नाही तर निदान घट्ट ग्रीस तरी भरावे. वाचकांच्या ध्यानी आलेच असेल की ती चकती म्हणजे १७६३ सालचा तो तपकिरी कागद होय.

आता वेळेविषयी. आपली रंगरंगोटी होते पावसाळी बंदीत, म्हणजे हवेत ओल सर्वाधिक असते तेव्हा. जहाज रंगविणारे एक नियम पाळतात तो असा की, हवेतील बाष्पाचे ज्या उष्णमानास दव होते, त्याहून धातू निदान तीन अंश गरम असला पाहिजे. नाही तर डोळ्यास न दिसणारा पाण्याचा थर रंगाखाली अडकतो. जूनच्या झडीत झापाखाली बसून रंगविलेला कंस त्या नियमात बसत नाही. म्हणून होड्या वर ओढल्यावर मेअखेरच्या उन्हात धातूचे काम आटोपावे आणि लाकडाचे काम नारळी पौर्णिमेपूर्वीच्या उघडिपीसाठी ठेवावे, ही वाटणी आम्हांस सयुक्तिक वाटते. पुष्कळ जुनी मंडळी असेच करीत. नांगर आधी, होडी मागून.

एवढा आग्रह एका कंसासाठी का, असे कोणी विचारील. कंस तुटतो तो किनाऱ्यावर नव्हे. लाटेवर यंत्र पूर्ण रेट्याने चालू असताना, बोल्टाच्या भोकाशी जेथे वर्षानुवर्षे आतून झीज चालली होती, तेथे तो तुटतो. यंत्र तळास जाते. ते बहुधा कर्जाचे असते आणि हप्ता तसाच राहतो. यंत्रावाचून वाऱ्यात सापडलेल्या होडीत माणसे असतात. आता शीड बाळगणाऱ्या होड्या थोड्या आणि ते चालविता येणारे तरुण त्याहून थोडे. यंत्रास एक स्वतंत्र दोर होडीशी बांधून ठेवावा, हे रंगाच्या विषयात बसत नसले तरी लिहून ठेवतो.

दुसरे कारण घरातील आहे. जुने शेंदरी अस्तर कोरडे खरवडले की त्याची धूळ उडते, आणि शिसे हे मुलांच्या मेंदूस फार घातक विष आहे. भारत सरकारने २०१६ साली नियम करून घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत नव्वद भागांपर्यंत मर्यादित केले, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते अमलात आले. पण तो नियम घरगुती व शोभेच्या रंगांपुरता; आणि होडीवर आधीच चढलेले थर कोणत्याही नियमाने उतरत नाहीत. ते पाण्याने ओले करून खरवडावेत, खाली फडके अंथरावे, तोंडास मुखपट्टी बांधावी, पोपडे गोळा करावेत. अंगणात, जेथे लहान मूल रांगते आणि जेथे सुकट वाळत घालतात, तेथे हे काम मुळीच करू नये. आरंभी आम्ही धाकट्या मुलाचा उल्लेख केला तो याचसाठी.

ते पोपडे खाडीतही टाकू नयेत. तळास लावावयाच्या एका कथिलयुक्त रंगाने फ्रान्समधील आर्काशों उपसागरात १९७० नंतरच्या दशकात कालवांची शिंपले वेडीवाकडी, जाड होऊ लागली, पैदास बुडाली, आणि तेथील कालव पाळणारी कुटुंबे देशोधडीस लागण्याची वेळ आली. फ्रान्सने १९८२ साली लहान नौकांस तो रंग बंद केला. २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला व १७ सप्टेंबर २००८ पासून तो अमलात आला. आपल्या खाड्यांत ओहोटीला कालवे आणि तिसऱ्या काढणाऱ्या बहुतांशी आपल्याच घरच्या स्त्रिया आहेत. होडीचा रंग खरवडणारा पुरुष आणि त्याच खडकावर कोयती घेऊन बसलेली बाई एकाच चुलीवर जेवतात, ही गोष्ट रंगाच्या डब्यावर छापलेली नसते.

जुन्या तेलांविषयी आम्ही वर एक-दोन ओळींत उरकले, ते माहितीच्या अभावी नव्हे, तर त्या विषयास स्वतंत्र लेख पाहिजे म्हणून. मुशीचे तेल किती दिवस मुरवीत, चुना कोणत्या शिंपल्याचा घेत, चंद्रस कोणत्या तेलात आणि किती कढवीत, खिळ्याच्या डोक्यावर काय भरीत, याच्या रीती गावोगाव भिन्न होत्या, आणि त्या सांगू शकणारी मंडळी आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. ज्या कुटुंबांत अशी वडील माणसे आहेत, त्यांच्या मुलानातवंडांनी त्यांजकडून त्या रीती विचारून, मापे व शब्द जसेच्या तसे लिहून, मंडळाच्या कार्यालयाकडे पाठवावेत. जुन्या होडीची, नांगराची अथवा रंगकामाची छायाचित्रे असल्यास तीही जोडावीत. ती पाहून झाल्यावर परत केली जातील.